फुकटच्या उद्यम सर्टिफिकेटचे पैसे घेतंय कोण?

नागपूरच्या इतवारीतलं किराणा दुकान असो, गांधीबागेतली कापडाची पेढी असो की हिंगण्यातलं छोटं वर्कशॉप, फोन एकाच चालीचा येतो आणि बहुधा हिंदीत येतो: "सर, आपका उद्यम एक्सपायर हो गया है. आज रिन्यू नहीं किया तो पेनल्टी लगेगी." मागोमाग व्हॉट्सॲपवर पत्र. वर सिंहमुद्रा, कडेला तिरंगी पट्टी, खाली क्यूआर कोड आणि रक्कम. समोर गिऱ्हाईक उभं, मुदत आजचीच, आणि आकडाही असा की भांडत बसण्यापेक्षा देऊन टाकावा असं वाटतं.

उद्यम, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी, संपत नाही. 1 जुलै 2020 ला ती सुरू झाली तेव्हापासून तिला शुल्क नाही आणि नूतनीकरणही नाही. उलाढालीची माहिती अद्ययावत करावी लागते, पण तीही फुकट. उद्यमरजिस्ट्रेशन डॉट जीओव्ही डॉट इन हे एकच सरकारी पोर्टल आहे, आणि ही नोंदणी करून देण्याचा अधिकार कुठल्याही खासगी संस्थेला किंवा माणसाला दिलेला नाही, असं त्याच पोर्टलवर लिहिलेलं आहे. गुगलवर शोधलं की सगळ्यात वर दिसणाऱ्या 'प्रायोजित' साइट्स मात्र बहुतेक खासगी असतात. डॉट ओआरजी, डॉट कॉम, नुसतं डॉट इन ही नावं कोणीही विकत घेऊ शकतो. जीओव्ही डॉट इन सरकारलाच मिळतं.

शॉप ॲक्टच्या, म्हणजे दुकानांच्या नोंदणीच्या राज्य कायद्याच्या, नावाखाली हीच गोष्ट जास्त चालते, कारण 1948 च्या जुन्या कायद्यात खरोखर नूतनीकरण होतं. जुन्या दुकानदारांच्या अंगवळणी ते पडलेलं. 19 डिसेंबर 2017 पासून नवा कायदा लागू झाला. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर आता ऑनलाइन सूचना द्यायची, आपले सरकार पोर्टलवरून. ती एकदा दिली की दरवर्षी रिन्यू करायचं काही उरत नाही.

यातली खरी चलाखी अशी की अनेकदा सर्टिफिकेट मिळतंही. पत्राच्या किंवा साइटच्या तळाशी बारीक अक्षरात 'ही खासगी सल्लागार संस्था आहे' असं लिहिलेलं असतं. मग तक्रार करायला गेलात की ते म्हणणार, आम्ही सेवा दिली, फी घेतली. त्यामुळे सिंहमुद्रा असलेलं पत्र फाडू नका, डिलीट तर मुळीच करू नका. सरकारी असल्याचा भास होईल अशा रीतीने राजमुद्रा वापरायला 2005 च्या कायद्याने बंदी आहे. तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा तोच.

गेलेले पैसे एक वेळ पचतात. जास्त नुकसान होतं ते उद्यमच्या अर्जात. एजंट मोबाइल आणि ईमेलच्या रकान्यात स्वतःचाच नंबर टाकतो. पुढे पत्ता बदलायचा, युनिट वाढवायचं, काही दुरुस्त करायचं, की ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो पुन्हा पैसे मागतो. सर्टिफिकेट हातात आलं की आधी हे दोन रकाने वाचा. दुसऱ्याचा नंबर निघाला तर सिव्हिल लाइन्समधल्या उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्र आहे, सेमिनरी हिल्सच्या सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये केंद्राचं एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कार्यालय आहे. तिथे आधार आणि पॅन घेऊन जा. उद्योजकांना नोंदणीत मदत करणं हे त्यांच्या कामातच मोडतं.

त्याहून वाईट म्हणजे फोनवर सांगितलेला आधारचा ओटीपी आणि पाठवलेला पॅनचा फोटो. एवढ्यावर तुमच्या नावाने दुसरीच जीएसटी नोंदणी काढून खोटी बिलं फाडण्याचा प्रयत्न होऊ शकतो. जीएसटी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये पॅन टाकून बघा. त्या पॅनवरचे सगळे जीएसटी नंबर दिसतात. अनोळखी नंबर दिसला की सीएला आणि पोलिसांना लगेच कळवा. जीएसटी नोंदणीलाही सरकारी शुल्क शून्य आहे, हे जाता जाता.

निर्यातदारांना जूनमध्ये जास्त जपावं लागतं. आयात-निर्यातीसाठी लागणारा आयईसी कोड दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करणं खरंच बंधनकारक आहे, त्यामुळे खोटा मेलही खरा वाटतो. डीजीएफटीच्या, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाच्या, पोर्टलवर या तीन महिन्यांत त्याचे पैसे लागत नाहीत. ट्रेडमार्कवाल्यांचं नाव-पत्ता सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये उघड छापला जातो, तिथून उचलून 'रजिस्टरमध्ये प्रसिद्धी'ची बिलं पाठवली जातात. ट्रेडमार्कचं नूतनीकरण दहा वर्षांनी असतं. त्याच्या खूप आधी आलेलं नूतनीकरणाचं बिल संशयास्पदच समजा.

पैसे भरण्याआधी क्यूआर स्कॅन केल्यावर दिसणारं नाव वाचा. राज्य सरकारचे बरेचसे पैसे ग्रास या सरकारी ऑनलाइन भरणा प्रणालीतून जातात आणि चलनावर जीआरएन, म्हणजे सरकारी पावतीचा, नंबर येतो. कुठल्यातरी 'सर्व्हिसेस' किंवा 'कन्सल्टन्सी'चं नाव दिसलं तर ते सरकार नाही.

पैसे गेलेच असतील तर 1930 वर तातडीने फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती गोठवता येते, म्हणून संध्याकाळी दुकान वाढवल्यावर बघू, असं करू नका. यूटीआर (व्यवहाराचा) नंबर, पैसे गेले ती वेळ आणि स्क्रीनशॉट जवळ ठेवा. बँकेला स्वतंत्रपणे लेखी कळवा आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. त्यानंतर 'रिफंड विभागातून' फोन येईल. बहुतेक वेळा तो त्याच टोळीचा असतो.