फियाटचं 'सीलबंद' हेड मागवताय? आधी हे वाचा

जुन्या गाड्यांचे पार्ट फोनवरून, ऑनलाइन मागवणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय, खास करून फियाट 1100 नाहीतर पद्मिनी घरीच खोलून बसणाऱ्यांसाठी. कारण टॅक्सीची वापरलेली हेडं कोरी म्हणून विकणारा जो माणूस सध्या धंदा करतोय त्याला गाडी तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळते आणि खरी अडचण तीच आहे, नाहीतर लबाड माणूस दोन वाक्यांत ओळखू येतो. नाव-नंबर इथे टाकत नाही, तक्रार चालू आहे आणि नंबर तर तो तसाही बदलतो. पद्धत बदलत नाही, म्हणून पद्धतच सांगतो.

गाडी वडिलांची, 1968 ची फियाट 1100 डिलाइट. आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातलं जुनं घर, खाली गाडी कशीबशी मावते आणि बॉनेट उघडलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला तिरकं होऊन जावं लागतं. मी मेकॅनिक नाही, नोकरी पेट्रोकेमिकलमधली, पण ब्रेक, क्लच, कार्बोरेटर, पॉइंट, टॅपेट हे सगळं घरीच करतो, मशीनचं काम तेवढं मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत. जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसवर व्हिंटेज गाड्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हापासून गावात बऱ्याच जणांना आपली जुनी गाडी पुन्हा आठवली आहे, आणि मागणी वाढली की पार्टवाले पण वाढतात, हे ओघानेच आलं.

तर झालं असं की वाघोडिया रोडवर गाडी गरम झाली, रेडिएटरमध्ये बुडबुडे, डिपस्टिक काढली तर तिच्यावर ताकासारखा पांढरा फेस. हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग, गेलं हे सांगायला कुणी नको. हेड उतरवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या इंजिनात खालचा ब्लॉक बिडाचा आणि त्याच्यावर झाकणासारखं बसणारं हेड अल्युमिनियमचं असतं, आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं सगळ्यांनीच रेडिएटरमध्ये नळाचं नाहीतर बोअरचं खारं पाणी घातलेलं, कूलंट कोण घालत होतं त्या काळी. मग पाण्याच्या वाटांच्या तोंडाशी अल्युमिनियम खात जातं, खड्डे पडतात आणि एक दिवस गॅस्केटच्या काठापर्यंत पोचतात. माझ्या हेडचं तेच झालेलं. वेल्डिंग करून फेसिंग मारलं असतं, म्हणजे तोंड घासून सपाट केलं असतं, तर ते चाललं असतं, मशीनशॉपवाले भाई तसं म्हणाले पण होते, फक्त वेळ लागेल म्हणाले. दरम्यान दुसरं हेड मिळतंय का हे मी शोधत होतो, म्हणजे एक लावायचं आणि एक सावकाश दुरुस्त करून ठेवायचं.

तिथे हा भेटला. मुंबईचा, कुर्ल्याला राहतो म्हणाला. आपल्याकडे फियाट बनवणाऱ्या प्रीमियरचा कारखाना कुर्ल्यालाच होता हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा "आमचे वडील कारखान्यात होते, बंद होताना स्टोअरचा माल घेतला" ही गोष्ट लगेच पटते. माणूस बोलायला इतका गोड की काय सांगू, मराठी एकदम स्वच्छ. "काका, बडोद्याचे का? अहो सयाजीरावांचं गाव, तुमच्याकडून काय जास्त घ्यायचं!" बाहेरच्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला कुठे हात लावला की तो विरघळतो हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आणि प्रश्न पण बरोबर विचारले, डिलाइट की पद्मिनी, हेड आधी किती वेळा घासलंय, कधी गॅसवर चालवली का. असे प्रश्न भामटा विचारत नाही असं आपल्याला वाटतं.

मी फोटोवर भागवलं नाही. व्हिडिओ कॉल लावायला सांगितला, हेडच्या शेजारी माझं नाव आणि तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगितला, त्याने हसत हसत ठेवला. कोरंच्या कोरं हेड, मेणकागद, वर खोका, सगळं दिसलं. आणि ते हेड खरंच कोरं होतं असं मला आजही वाटतं! त्याच्याकडे दाखवायचा एक पीस आहे, बस. कागद कुठल्याही वस्तूच्या शेजारी ठेवता येतो आणि पॅकिंग कॅमेरा बंद झाल्यावर होतं. आता मी काय करायला लावतो ते सांगतो: कॅमेरा चालू असताना, मी सांगेन त्या कोपऱ्यात, मी सांगेन त्या रंगाचा ठिपका वस्तूवरच लावायचा, जागा आणि रंग मी त्या क्षणी ठरवणार. खरा विकणारा जरा कुरकुर करतो पण लावतो. ज्याचा माल वेगळा जाणार आहे त्याला लगेच गिऱ्हाईक येतं नाहीतर नेटवर्क जातं.

भाव ठरला चौतीस हजार, आणि जुनं हेड बदलीत दिलं तर सव्वीस. बदली या धंद्यात नवी नाही, क्लच प्लेट, ब्रेक शू, स्टार्टर, सगळीकडे जुना पीस जमा करूनच तयार पीस मिळतो, म्हणून त्यात संशय यायचं कारण नव्हतं. पण नीट बघितलं तर त्याला पैशापेक्षा हेडच हवं होतं. साठच्या दशकातल्या गाडीचं, गॅसवर कधीच न चाललेलं, एकाच घरात राहिलेलं हेड. अशी हेडं आता कुठे मिळतात? उलट मुंबईत टॅक्सीचा ढीग. पद्मिनीची शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला पासिंग झाली, वीस वर्षांची मुदत संपली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईतली पद्मिनी टॅक्सी कागदावरून पण गेली. त्याआधी कितीतरी वर्षं त्या भंगारात जातच होत्या, इंजिन तेच 1089 सीसीचं, त्यामुळे टॅक्सीचा पार्ट घरच्या गाडीला बसतो. सीएनजीवर लाखो किलोमीटर पळालेला माल धुवायचा, "न वापरलेला जुना स्टॉक" म्हणून विकायचा आणि बदलीत चांगला माल ओढायचा.

वर अजून एक पाचर मारली. 2021 मध्ये सरकारने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले ना, पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ स्वरूपात असलेली, व्हीए सीरिजचा नंबर, नव्या नोंदणीची फी वीस हजार, ते धरून हा म्हणतो "काका, व्हिंटेज पासिंगला कंपनीचं ओरिजिनल हेडच लागतं, वेल्डिंगचं दिसलं तर नापास." थाप आहे. चेसिसशी फेरफार नको, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं हे बरोबर, पण इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, हेडवर नाही, आणि हेडचं वेल्डिंग म्हणजे साधी दुरुस्ती. नियमाचं अर्धं वाक्य खरं आणि अर्धं पदरचं, असा हा सगळा कारभार.

माझं हेड गेलं ट्रान्सपोर्टने, बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, माझ्याकडे आहे. पैसे दोन वेळा यूपीआयने, दोन्ही वेळा नावं वेगळी. विचारलं तर एक भाचा, एक दुकानाचा पार्टनर. माल आला तो पण ट्रान्सपोर्टने, आणि तिथे गोदामात तुम्हाला खोका उघडून बघू देत नाहीत, आधी भाडं, सही, मग उचला. खोका घरी आणल्यावर मी मोबाइल उभा करून रेकॉर्डिंग चालू केलं आणि मगच दोरी कापली, ते एक बरं झालं.

खोक्यापासूनच सुरुवात करतो, कारण मजा तिथेच आहे. पिवळसर पुठ्ठा, वर लाल अक्षरं, एकदम जुनं वाटावं असं, बाजूला 1967 चा शिक्का. आणि खाली पत्ता, बॉम्बे, पुढे सहा आकडी पिनकोड! पिनकोड आपल्याकडे आला 15 ऑगस्ट 1972 ला. त्याआधी बॉम्बेच्या पुढे नुसता एक-दोन आकडी विभाग असायचा. पाच वर्षं आधीच पिनकोड छापणारा हा कोण ज्योतिषी? बायको म्हणाली, खोका सोडा हो, आतलं बघा.

आतलं बाहेरून सुंदर. काचेच्या मण्यांनी ब्लास्टिंग केलेलं, सगळीकडे सारखा मंद राखाडी रंग. खरं न वापरलेलं कास्टिंग असं दिसत नाही, मशीन मारलेला भाग आणि ओतलेला भाग यात फरक दिसतो, हत्याराच्या रेघा दिसतात. ब्लास्टिंगने दोन्ही एकसारखं होतं. मग मी टॉर्च घेऊन एक्झॉस्टच्या पोर्टमध्ये बोट घातलं, जिथे वळण आहे आणि मणी पोचत नाहीत तिथे, आणि बोट काळं! कधी न लावलेल्या हेडमध्ये काजळी कुठून आली? गाइडमध्ये व्हॉल्व्ह घालून हलवला तर डगडग, म्हणजे गाइड झिजलेलं. प्लगच्या चारपैकी दोन भोकांत आटे उडालेले म्हणून इन्सर्ट बसवलेले. माझं हेड पाठवण्याआधी मी व्हर्नियरने त्याची जाडी मोजून वहीत लिहिली होती, सहज, सवय म्हणून. ते एकदा घासलेलं होतं, म्हणजे कोरं हेड त्याच्यापेक्षा जाड यायला पाहिजे. आलं ते सव्वा मिलिमीटरने पातळ. इतकं घासलेलं हेड लावलं की कम्प्रेशन वाढतं, चढावर इंजिनात ठोके पडतात (नॉकिंग), आणि पुढच्या वेळी घासायला काही उरतच नाही.

तरी म्हटलं आपला गैरसमज नको, मकरपुऱ्याला घेऊन गेलो. भाईंनी हातात घेतलं, पाण्याच्या वाटेच्या काठाला स्क्रायबर टोचला, तर तो आत गेला. इपॉक्सी पुटी भरून वरून फेसिंग मारलेलं. म्हणाले, "काका, आ माल नवो नथी, धोयेलो छे." म्हणजे नवा नाही, धुतलेला आहे. मग प्लेटा लावून प्रेशर टेस्ट घेतली, गरम पाण्यात, तर तिसऱ्या सिलिंडरच्या व्हॉल्व्ह सीटपासून प्लगच्या भोकापर्यंत बारीक क्रॅक, बुडबुड्यांची सरळ रेघ. टेस्टचे पैसे पण घेतले नाहीत त्यांनी, मला वाटतं माझं तोंड बघून.

हेडबरोबर त्याने "भेट" म्हणून सोलेक्सचा कार्बोरेटर पाठवला होता. रॉकेलमध्ये बुडवला तसा रंग सुटला आणि गळ्याच्या बाजूला एक बुजवलेलं भोक निघालं, गॅस किटची नळी ज्या भोकातून आत सोडतात ते. टॅक्सीचा दाखलाच म्हणा.

फोन केला तर आधी "काका तुम्हीच चुकीचं बसवलं असेल", मी म्हटलं अजून बसवलंच नाही, व्हिडिओ आहे. मग "पाठवून द्या, बदलून देतो", म्हणजे पुरावा पण परत त्याच्याकडेच. मी नाही म्हटलं, माझं हेड आधी पाठव म्हटलं. त्यानंतर ब्लॉक.

सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पण पैसे त्या खात्यांतून कधीच पुढे गेले होते. हा फोन पैसे दिल्यावर जितक्या लवकर कराल तितका उपयोग, माल यायची वाट बघण्यात सगळा वेळ निघून जातो, आणि ट्रान्सपोर्टचा माल उशिरा येतो तो त्याच्याच सोयीचा असतो. चौकीत आधी ऐकवलं की हा गिऱ्हाईक-दुकानदाराचा वाद आहे, ग्राहक मंचात जा. मी खोक्याचा फोटो, उघडतानाचं रेकॉर्डिंग, मशीनशॉपचा लेखी रिपोर्ट आणि दोन्ही यूपीआयच्या पावत्या समोर ठेवल्या तेव्हा अर्ज घेतला. फसवणुकीला आता 420 नाही, भारतीय न्याय संहितेचं 318 कलम लागतं, जुलै 2024 पासून. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर पण नोंद केली आहे.

पैशाचं दुःख आहेच, पण हेडचं जास्त. आणि आता ज्यासाठी मी मुळात लिहायला बसलो ते. आमच्याकडे खोललेल्या प्रत्येक भागावर वडील सेंटर पंचाने तीन टिंबं मारायचे, त्रिकोणात, म्हणजे गॅरेजमध्ये बदलाबदली व्हायला नको. माझ्या हेडवर ती थर्मोस्टॅटच्या तोंडाजवळ आहेत. गेल्या आठवड्यात भाच्याने एक जाहिरात दाखवली, "1960 च्या दशकातलं ओरिजिनल हेड, घरची गाडी, कधी गॅसवर नाही", आणि तिसऱ्या फोटोत, झूम केलं तर, तीन टिंबं. वेल्डिंग करून घेतलंय, काम चांगलं दिसतंय. किंमत बावन्न हजार. बडोद्यात ते काम चार-पाच हजारांत होत होतं.

भाच्याने गिऱ्हाईक म्हणून फोन लावला आणि आवाज तोच. स्क्रीनशॉट, रेकॉर्डिंग सगळं तक्रारीला जोडलंय, तपासवाल्यांनी सांगितलंय की माल घ्यायचं नाटक स्वतःहून करू नका, म्हणून थांबलोय. पण जाहिरात आता काढलेली आहे, म्हणजे एक तर त्याला वास आला किंवा कुणीतरी घेतलं. तुमच्यापैकी कुणी घेतलं असेल तर घाबरू नका, तुमच्यावर काही येणार नाही, फक्त थर्मोस्टॅटच्या तोंडाशी बोट फिरवून बघा, बिल आणि पैसे पाठवल्याची पावती जपून ठेवा आणि मला कळवा. आणि बदलीत तुमचं हेड त्याने मागितलं असेल तर अजून पाठवू नका. माझं गाडीचं काम भाईंकडे चालू आहे, त्यांनी एका भंगारवाल्याकडून फुटकं-तुटकं पण खरं हेड मिळवून वेल्डिंगला लावलंय, गॅस्केट तेवढं हवंय, तांबं-अॅस्बेस्टॉसचं जुनं नको, नवं चालेल, बडोदा नाहीतर अहमदाबादमध्ये समोर बघून घेता येईल असं कुणाकडे असेल तर सांगा.