शिवलेला गणवेश की साच्यातला? लष्करी फिगर निवडताना

फिगर (म्हणजे हात-पाय वळणारा छोटा बाहुला-सैनिक) नुसती कपाटात चांगली दिसावी एवढीच अपेक्षा असेल तर दोन्हींपैकी कोणतीही घ्या. गणवेश त्या सालचा, त्या तुकडीचा आणि त्या मोहिमेचा असावा असा आग्रह असेल, तर मात्र १/६ प्रमाणातली (खऱ्या माणसाच्या सहाव्या भागाएवढी) कापडी गणवेशाची फिगर आणि १/१८ प्रमाणातली साच्यात ओतलेल्या गणवेशाची फिगर यांत मोठा फरक पडतो. तो पहिल्या नजरेत दिसतो त्याच्या अगदी उलट आहे.

पहिल्या नजरेत साच्यातला गणवेश सरस ठरतो, हे आधीच मान्य करतो. कॉलर मानेला बिलगून बसते. खिशाची चुणी धारदार असते. पट्ट्याखाली कोट आवळल्यासारखा दिसतो. शिल्पकाराला कापडाच्या जाडीशी झगडावंच लागत नाही.

कापडाचं गणित मात्र निर्दय आहे. फिगरचं कापड ०.३ मिमी जाडीचं असेल, तर खऱ्या माणसाच्या अंगावर ते १.८ मिमीचं होईल, म्हणजे जवळपास घोंगडीच. खऱ्या कोटाचा टाका अडीच-तीन मिमीचा असतो, तो १/६ मध्ये अर्ध्या मिमीचा व्हायला हवा. मशीनवर १.२ मिमीच्या खाली गेलं की कापड सुईच्या भोकांनीच फाटू लागतं. त्यात शिवणीची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड. धागे निघू नयेत म्हणून कारखाना चार-पाच मिमी माया ठेवतो, ती आत दुमडली जाते, आणि कॉलर, खिशाची झडप आणि खांदा या तीन ठिकाणी थरांवर थर साचतात. कापडी फिगर फुगलेली दिसते ती बहुतेक वेळा या मायेमुळे. माप चुकलंय असा समज होतो, पण माप बरोबर असतं.

यावर इलाज आहे. कोट उलटा करून शिवणीच्या कडेला पातळ केलेला पांढरा गोंद (एक भाग गोंद, पाच भाग पाणी) लावायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि मग माया दोन मिमीपर्यंत कापायची. कापून मग गोंद लावला तर तोवर धागे सुटलेले असतात. कॉलरच्या दुमडीत ०.३ मिमीची तांब्याची तार सरकवली की ती हवी तशी वळते. कोट फवाऱ्याने ओलसर करून पट्टा बांधायचा, पुढचं सैल कापड दोन्ही बाजूंनी मागे ओढून चुण्या घालायच्या, दोऱ्याने सैलसर बांधून रात्रभर ठेवायचं. गोंद घट्ट झाला तर कापडावर चकचकीत डाग पडतो आणि तो सहज जात नाही, म्हणून आधी मायेच्या तुकड्यावर करून बघा.

आता माझ्यापुरता निर्णय ज्याने केला तो त्रास. साच्यातल्या गणवेशातली चूक कायमची असते.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पायदळाचा कोट घ्या. एम ३६ ला (१९३६ च्या नमुन्याला) गडद हिरवी कॉलर, पुढे पाच बटणं आणि चुणीदार खिसे. १९४० मध्ये कॉलर कोटाच्याच करड्या रंगाची झाली, १९४१ मध्ये बटणं सहा झाली, १९४२ मध्ये खिशांच्या चुण्या गेल्या, १९४३ मध्ये झडपेची लाटेदार कड सरळ झाली. जुना कोट १९४४ मध्येही अंगावर असणं अशक्य नव्हतं, त्यामुळे नॉर्मंडीच्या फिगरला हिरवी कॉलर दिसली की लगेच चूक म्हणू नये. पण पाच बटणं आणि बिनचुण्यांचे खिसे एकाच कोटावर असतील, तर तो कोट साधारणपणे कुठल्याच वर्षाचा नाही. हातात घेतलेल्या फिगरमध्ये अशी सरमिसळ दोन्ही प्रकारांत सारखीच आढळते.

कापडी कोटावर खिसा उसवायचा, चुणी इस्त्रीने सपाट करायची, जास्तीचं कापड कापायचं आणि खिसा परत लावायचा. सुईची जुनी भोकं ओलसर करून नखाने घासली की मिटतात. उलट दिशेचं, म्हणजे सपाट खिशाला चुणी घालण्याचं काम अवघड आहे, कारण कापड कमी पडतं. ते कोटाच्या आतल्या दुमडीतून काढावं लागतं. कॉलर हिरवी करायची असेल तर वरून दुसरं कापड चिकटवू नका, जाडी वाढते. पातळ ॲक्रिलिक रंगाचे दोन-तीन हात, जवळजवळ कोरड्या ब्रशने, पुरतात.

साच्यातल्या फिगरवर हेच करून बघा. मऊ पीव्हीसी घासलं की गुळगुळीत होण्याऐवजी त्यावर केसाळ लव येते. त्यावर पुट्टी नीट धरत नाही, हात-पाय वळवले की कडेने सुटते. इनॅमल रंग दिला तर पीव्हीसी मऊ ठेवणाऱ्या द्रव्यामुळे तो महिनोन्महिने चिकट राहतो. शिवाय सांध्यांचा प्रश्न आहे. कोपरावर बाहीच्या चुण्या मधोमध कापलेल्या असतात, आणि कोटाचा घेर वेगळ्या मऊ तुकड्याचा असल्याने पाय उचलला की मांडीपासून अधांतरी राहतो. सांधे नसलेल्या रेझिनच्या मूर्तींची गोष्ट वेगळी आहे. रेझिन छान घासलं जातं, इपॉक्सी पुट्टी धरतं, आणि ब्रशवर हात बसलेला असेल तर तो मार्ग उत्तमच. पण ती ॲक्शन फिगर नव्हे.

अमेरिकन छत्रीधारी सैनिकात हा फरक आणखी जाणवतो. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरताना अंगावर तिरप्या छातीखिशांचा एम १९४२ (१९४२ च्या नमुन्याचा) गणवेश होता, कोपर-गुडघ्यांवर जाड कापडाची ठिगळं लावलेली. सप्टेंबरमध्ये हॉलंडमध्ये उतरताना गडद हिरवा एम १९४३. कापडी फिगरवर विसरलेली ठिगळं तासाभरात लावता येतात, अट एवढीच की ठिगळाचं कापड कोटापेक्षा पातळ घ्यायचं. किंवा सगळा गणवेश बदलून तोच सैनिक तीन महिने पुढे नेता येतो. साच्यातला सैनिक ज्या महिन्यात ओतला त्याच महिन्यात राहतो.

शिरस्त्राण दोन्हीकडे कडक प्लास्टिकचंच, त्यामुळे तिथे बरोबरी. १०१व्या हवाई डिव्हिजनची फिगर असेल तर पत्त्याचं चिन्ह तपासा: ५०६व्या रेजिमेंटला इस्पिक, ५०२व्या रेजिमेंटला बदाम, ५०१व्या रेजिमेंटला चौकट आणि ३२७ ग्लायडर रेजिमेंटला किलवर. बाहीवरची निशाणी एका डिव्हिजनची आणि शिरस्त्राण दुसऱ्या डिव्हिजनचं, ही जोडी दोन्ही प्रकारांत सापडते.

कापडी फिगरचे दोष लपवणार नाही. नकली चामड्याचे पट्टे काही वर्षांत हवेतल्या दमटपणाने सोलतात. ते सुरुवातीलाच अर्ध्या मिमीच्या खऱ्या चामड्याचे करून घ्या. जर्मन पट्टा ४५ मिमी रुंद, म्हणजे १/६ मध्ये ७.५ मिमी. अमेरिकन पिस्तूल पट्टा ५७ मिमी, म्हणजे ९.५ मिमी. पेटीतला पट्टा पट्टीने मोजून बघा, रुंदीत एक मिमी जास्त असला तरी कंबर बेढब दिसते. गडद कापडाचा रंग फिकट पीव्हीसी अंगाला लागतो आणि निघत नाही, म्हणून आत पातळ पांढरा सुती बनियन हवाच. रंगछटा बदलायची असेल तर एक धागा काढून जाळून बघा. राख झाली तर सुती, रंग धरेल. वितळून गोळी झाली तर पॉलिस्टर, मग रंगाची बादली काढूच नका.

जागा कमी आहे, वीस-पंचवीस सैनिकांची पलटण मांडायची आहे, सुईला हात लावायचा नाही, असं असेल तर साच्यातली फिगर घेण्यात काही कमीपणा नाही. फक्त घेण्याआधी बटणं, खिसे आणि कॉलर त्या वर्षाच्या छायाचित्रांशी ताडून पाहा. एकच सैनिक पण चोख हवा असेल, तर मी कापडीकडे झुकतो. त्यातही खांद्याची शिवण बाहीत न उतरणारी आणि काजं खरी कापलेली असलेली निवडा, कारण खिसा दहा वेळा बदलता येतो, पण चुकीचा कापलेला खांदा उसवून सरळ करायला तिथे कापडच उरलेलं नसतं.