निकेल-सायक्लॅमचा इलेक्ट्रोड: काही महिन्यांच्या वापरानंतर

ग्लासी कार्बनवर (काचेसारखा कठीण, वीजवाहक कार्बन) निकेल-सायक्लॅमचा, म्हणजे सायक्लॅम या कड्यासारख्या रेणूने पकडलेल्या निकेलच्या कॉम्प्लेक्सचा, थर चढवलेला हा इलेक्ट्रोड मेथॅनॉल, इथॅनॉल आणि बेंझिल अल्कोहोलच्या ऑक्सिडेशनसाठी गेले काही महिने वापरतोय. बनवायला सोपा: ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये कॉम्प्लेक्स विरघळवून सायक्लिक व्होल्टॅमेट्री लावायची (पोटेन्शियल पुढे-मागे फिरवत करंट मोजायचा), दर फेरीला निकेलची पीकजोडी, म्हणजे जाताना आणि परतताना दिसणारे करंटचे दोन उंचवटे, उंचावत जाते. वेळ खातं ते आधीचं पॉलिशिंग. ०.०५ मायक्रॉन अ‍ॅल्युमिनावर नीट घासलं नाही, तर थर कुठे धरतो, कुठे सुटतो.

अल्कोहोल टाकलं की काम लगेच दिसतं. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत ०.४ ते ०.५ व्होल्टच्या आसपास करंट झपकन चढतो आणि परतीचं पीक खचतं, कारण तयार झालेलं निकेल-तीन (निकेलचं +३ ऑक्सिडेशन अवस्थेतलं रूप) परतीच्या आधीच अल्कोहोलशी क्रिया होऊन संपतं. टर्ट-ब्युटॅनॉलला मात्र फारसा प्रतिसाद नाही. ओढून घ्यायला अल्फा हायड्रोजनच (ओएच गट असलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन) नसतो.

आता खरा प्रश्न: श्रेय कॉम्प्लेक्सचं का? साध्या निकेलच्या अ‍ॅनोडवर हेच ऑक्सिडेशन होतं, हे फ्लाइशमान, कोरिनेक आणि प्लेचर या संशोधकांनी १९७१ च्या सुमारासच मांडलं होतं. अल्कलीत बराच वेळ फिरवलेला थर निकेल हायड्रॉक्साइडसारखाच वागतो, त्यामुळे लिगंड (निकेलला धरून ठेवणारा रेणू, इथे सायक्लॅम) शाबूत आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. लिगंडचा एक फायदा पक्का: निकेलचं साधं मीठ अल्कलीत टाकलं की साका होऊन बसतं, कॉम्प्लेक्स मात्र विरघळलेलं राहतं आणि थर पातळ, एकसारखा मिळतो. तुलनेसाठी साध्या मिठापासून केलेला थर न दाखवणारे पेपर मी हल्ली बाजूला ठेवतो.

तक्रारी आहेत. पोटेन्शियल जरा जास्त गेलं की ऑक्सिजनचे बुडबुडे थर उचकटतात. अल्कलीत लोहाचा अंश असेल तर ऑक्सिजन आणखी लवकर सुटतो. उघड्यावर ठेवलेलं द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून कार्बोनेट बनवतं. बेंझिल अल्कोहोलपासून अल्डिहाइड हवं असेल तर इथे बहुतेक बेंझोएट हाती लागतं; अल्डिहाइडसाठी रुथेनियम-ऑक्सो पॉलिपिरिडिल कॉम्प्लेक्स (रुथेनियम धातूवर आधारलेली वेगळी उत्प्रेरकं) बघा.

आणि फ्युएल सेलचं नाव तर घेऊच नका. वरचं ०.४ ते ०.५ व्होल्टचं पोटेन्शियल रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोड या दुसऱ्या संदर्भाच्या मापात सुमारे १.४ व्होल्ट भरतं, तर ऑक्सिजन कॅथोडची आदर्श मर्यादाच १.२३. अशा सेलमधून वीज मिळणार नाही, उलट द्यावी लागेल. ज्या नमुन्यात अल्कोहोलखेरीज ग्लुकोजसारखं ऑक्सिडाइज होणारं दुसरं काही नाही, तिथे सेन्सर म्हणून मात्र बेलाशक वापरा.