मोझांबिकच्या शाळेपायी गेलेले १ लाख ३४ हजार ७०० रुपये

हे लिहू नका, लोक नावे ठेवतील, असे मला घरातून तीनदा सांगून झाले. ठेवू देत. माझे १ लाख ३४ हजार ७०० रुपये गेले, शेजारच्या बाबांचे ९४ हजार ७०० गेले, आणि तो माणूस अजून तीच पत्रके घेऊन कुठेतरी उभा असेल.

डिसेंबर २०२४ ची गोष्ट. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाचा सोहळा चालू होता. मी हिंदू, पण दहा वर्षांनी येणाऱ्या या सोहळ्याला बाबांच्या सोबतीने जातो, मागच्या वेळीही गेलो होतो. से कॅथेड्रलच्या रांगेतून बाहेर पडलो तर गळ्यात ओळखपत्र घातलेला, पस्तिशीचा माणूस भेटला. आफ्रिकेतल्या मोझांबिकमध्ये बेइरा शहराजवळची मिशनची शाळा २०१९ च्या इदाई चक्रीवादळात पडली, ती पुन्हा उभी करायची आहे, सहा आठवड्यांसाठी स्वयंसेवक हवेत, बांधकाम कळणारे असतील तर फारच बरे. मजुरी नाही, राहणे-जेवण मिशनचे, बाकी खर्च ज्याचा त्याने.

मी ३२ वर्षे बांधकामांवर सुपरवायझर होतो. निवृत्तीनंतर दोन वर्षे घरात बसून हात शिवशिवत होते. माझे चौथीपर्यंतचे शिक्षण मिशनच्या शाळेत झाले, फी माफ होती. ते ऋण डोक्यात होतेच. आणि मी डोळे मिटून गेलो नाही. घरी येऊन इदाई वादळ खरेच झाले का ते पाहिले, झाले होते. बाबांचे काका पोर्तुगीज काळात बेइराला नोकरीला होते. १९७५ पर्यंत तिथेही पोर्तुगीजांचेच राज्य, त्यामुळे बाबांना ते नाव घरातले वाटले. मला सांगा, यात संशय घेण्यासारखे काय होते?

पैसे असे गेले. नोंदणी ५ हजार ५००. व्हिसा आणि कागदपत्रे १८ हजार. लस आणि विमा ९ हजार २००. विमानाचे तिकीट ६२ हजार. शेवटी, मी साइटवर पर्यवेक्षक असणार म्हणून परत मिळणारी अनामत ४० हजार. ही अनामत बाबांकडून मागितली नाही, म्हणून त्यांचे तेवढे वाचले. क्यूआर कोड स्कॅन केला की नाव यायचे एका बाईचे. संस्थेचे नाही. "आमच्या खजिनदार आहेत, काका." संस्थेच्या नावाचे खाते नसेल तर एक रुपया पाठवू नका, खजिनदार कोणीही असो.

लसीचे तर मला नंतर कळले. पिवळ्या तापाची लस सरकारने अधिकृत केलेल्या केंद्रावरच मिळते, काही शे रुपयांत, आणि लस घेतल्याच्या दाखल्याचे पिवळे पुस्तक तिथेच मिळते. दुसऱ्या कोणी "करून देतो" म्हटले की समजून जा.

पण मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. १० जानेवारीला त्याने कामाचे वेळापत्रक पाठवले. ९ फेब्रुवारीला निघणे, १२ ला पाया खणायला सुरुवात, मार्चच्या मध्यात छप्पर. मी ते चष्मा लावून नीट वाचले. मोझांबिक विषुववृत्ताच्या दक्षिणेला. तिथला पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. इदाई बेइराला धडकले ते १४ मार्च २०१९ च्या रात्री. म्हणजे ज्या दिवसांत मागच्या वेळी शाळेचे पत्रे उडाले, त्याच दिवसांत हा माणूस नवे पत्रे चढवणार होता, आणि ऐन पावसात पाया काढणार होता. ३२ वर्षांत मी एकाही कंत्राटदाराला जूनमध्ये पाया खणू दिला नाही. मी फोन करून विचारलेसुद्धा. तो म्हणाला, "काका, तिकडचा पाऊस आपल्यासारखा नाही, तासभर पडतो आणि लगेच कडक ऊन." मी बरे म्हणून फोन ठेवला. माझा धंदा मला ओरडून सांगत होता आणि मी बरे म्हणालो. त्यानंतर १० दिवसांनी, २० जानेवारीला, मी एफडी मोडून ते ४० हजार भरले.

५ फेब्रुवारीला भाच्याने तिकिटावरचा पीएनआर विमान कंपनीच्या साइटवर घातला. असे बुकिंगच नाही. हे काम पाच मिनिटांचे आहे, तिकीट हातात येईल त्याच दिवशी करा. त्या माणसाचा फोन बंद.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरला त्याच संध्याकाळी फोन लावला. तक्रार नोंदली, पण पैसे जाऊन १६ दिवस झाले होते, खाते रिकामे. तो नंबर पहिल्या काही तासांत लावायचा असतो. पुढे इथल्या, डिचोलीच्या पोलीस ठाण्यात गेलो, तर म्हणे माणूस समोर भेटला, हे सायबर नाही, जिथे भेटला तिथल्या ठाण्यात जा. तिथे गेलो, तर पैसे डिचोलीतून पाठवले, तिकडे जा. पुन्हा इकडे, तर "स्वखुशीने दिलेत ना? दिवाणी दावा करा." एका साहेबांनी विचारले, हिंदू असून मिशनच्या कामाला कशाला निघाला होतात? माझ्या तक्रारीशी याचा काय संबंध? बँकेत दोन खिडक्या, दोन्हीकडे "अर्ज ठेवून जा". अर्जाची पोच मागितली तर शिक्का नाही म्हणाले. बाबा ७० वर्षांचे, गुडघे दुखतात, तरी प्रत्येक खेपेला माझ्याबरोबर बाकावर बसले. आम्हाला कोणी पाणीसुद्धा विचारले नाही.

नंतर एका वकिलांनी सांगितले की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात द्यायचा हक्क आहे, हद्द कुठली का असेना. ठाण्यातल्यांना हे ठाऊक नव्हते? कलमाचा आकडा कागदावर लिहून न्या. तरी नाही ऐकले तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्या, मग दंडाधिकारी.

बाबांच्या चर्चचे फादर एवढेच म्हणाले, "मला आधी का विचारले नाही?" खरे मिशन असेल तर तिकडच्या धर्मप्रांताचे निमंत्रणपत्र येते आणि इथल्या फादरना एका फोनवर ते तपासता येते. आम्ही त्यांना चकित करायचे ठरवले होते. व्हिसाचा अर्ज स्वतः भरा. माझ्या पासपोर्टची आणि आधारची प्रत त्या माणसाकडे आहे, ती कुठे वापरेल देव जाणे.

अधीक्षकांना अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. पिशवी अजून भरलेलीच आहे, थापी, ओळंबा, लेव्हल. बायको रोज काढून ठेवते म्हणते, मी काढू देत नाही.