आयडी कॉपी झाली आणि नोंद चुकली: ऑर्ग-रोम व सुपर-लिंक्स, दहा महिन्यांनंतर

जानेवारीत निर्यातदाराचा माणूस फवारणीच्या नोंदी बघायला शेडवर आला. माझ्या नोंदी लॅपटॉपवर ऑर्ग-मोडमध्ये, एकमेकींना लिंकांनी जोडलेल्या. वरच्या प्लॉटची नोंद काढली, डिसेंबरच्या फवारणीच्या लिंकवर एंटर दाबलं आणि उघडली ती आदल्या वर्षीची फवारणी. मथळा तोच, औषध मात्र वेगळं. माझ्या लक्षात आलं नाही, त्यानं तेच लिहून नेलं. रात्री रिकाम्या पुड्यांशी ताळा घालताना चूक सापडली आणि साडेनऊला फोन करून दुरुस्ती सांगावी लागली. प्लॉट ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी नोंदणीत, नोंदवलेला; रेसिड्यूची, म्हणजे द्राक्षात उरलेल्या औषधाच्या अंशाची, तपासणी तोंडावर. असल्या वेळी चुकीची नोंद परवडत नाही.

आम्ही तासगावकडचे द्राक्ष बागायतदार. आबा अजून वहीतच लिहितात, समासात लाल पेनानं ‘मागं पान ४१ बघ’. मला तेच दोन्ही अंगांनी हवं होतं: प्लॉटवरून औषध कळावं आणि औषधावरून कुठल्या प्लॉटला कधी मारलं ते कळावं. दरमहा पैसे भरायची तयारी नव्हती. ऑर्ग-मोड म्हणजे ईमॅक्स या एडिटरमधली नोंदी ठेवायची सोय. फुकट, फायली साध्या मजकुराच्या, आपल्याच डिस्कवर. कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केलेलं हे काम आजही चालू आहे, हाही भरवसा होता.

एप्रिलच्या खरड छाटणीला जेथ्रो कुआन यांचं ऑर्ग-रोम हे ऑर्ग-मोडचं जोड-पॅकेज टाकलं. लिंक एका नोंदीत करायची, दुसरीकडे ‘इथं कोण कोण येतं’ ही यादी बाजूच्या खिडकीत आपोआप दिसते. लॅपटॉपवर झकास. पण ती यादी डेटाबेसमधून येते, फायलीत लिहिलेली नसते. रानात फोनवर ऑर्गझली (ऑर्गच्या फायली उघडणारं ॲप) उघडलं की तिचा पत्ता नाही. आणि यादी लागते ती रानातच, पंपाशेजारी उभं असताना.

म्हणून जुलैत ऑर्ग-सुपर-लिंक्स हे दुसरं पॅकेज जोडलं. हे उलटी लिंक समोरच्या नोंदीत खरोखर लिहून ठेवतं, तारखेसकट. फोनवर दिसते, बोट लावलं की उघडते. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पाऊस लांबला, डाऊनी (केवडा) रोगाच्या भीतीनं फवारण्या वाढल्या, तेव्हा कुठलं औषध किती वेळा झालं हे पानांच्या ओल्या कडेला उभं राहून बघता आलं. तेवढ्यासाठी सगळा खटाटोप वसूल झाला. फक्त लिंक हातानं खोडू नका, दुसरं टोक तसंच राहतं. पॅकेजची स्वतःची आज्ञा वापरली की दोन्ही टोकं जातात.

आता आयडीचं. या सगळ्या लिंका मथळ्यावर चालत नाहीत, नोंदीला चिकटलेल्या ३६ अक्षरी आयडीवर चालतात. हे चांगलंच आहे, मथळा बदला, नोंद दुसऱ्या फायलीत हलवा, लिंक तुटत नाही. पण मी आदल्या वर्षीची नोंद कॉपी करून तिच्यात औंदाचा मजकूर भरला होता आणि आयडीही तशीच आली. त्या रात्री दोन्ही आयडी एकाखाली एक ठेवून अक्षरावर बोट ठेवत वाचल्या. शेवटच्या अक्षरापर्यंत एकच. जुनी नोंद फायलीत वर होती, म्हणून तीच उघडत राहिली. आयडींची यादी नव्यानं बांधायची आज्ञा दिली तेव्हा ‘डुप्लिकेट’ म्हणून सात सापडल्या. सात! मी ती आज्ञा कधी दिलीच नव्हती.

त्या आठवड्यात सगळं काढून टाकून वहीवर जायचं ठरवलं होतं. मत बदललं ते ऑर्ग-मोडमध्ये आधीपासून असलेल्या एका आज्ञेमुळे: कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, मग नुसतं सी. नोंदीची प्रत निघते, प्रतीला नवी आयडी मिळते आणि ‘+१वाय’ दिलं की आतल्या तारखा वर्षभर पुढे सरकतात. खरं तर मला दरवर्षी हेच हवं होतं. जुन्या उलट्या लिंका मात्र प्रतीतही येतात, त्या निवडून काढाव्या लागतात. बाराएक नोंदींना माझा अर्धा तास गेला.

औंदाच्या एप्रिल छाटणीच्या नोंदी परवाच अशा काढल्या. डुप्लिकेट शून्य. आबांना फोनवर लिंक दाबून दाखवली, तर म्हणाले, “वहीत पण लिहून ठेव.” ठेवलंय.