मनाजोगता फ्लिप फोन: फ्लिप ७, रेझर ६० अल्ट्रा की साधा रेझर ६०?

घडीचा फोन घ्यायला निघालेले बहुतेक जण दुकानात पहिला प्रश्न रंगाचा विचारतात आणि दुसरा घडीच्या रेघेचा. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. फ्लिप फोन दिवसातला बराच वेळ मिटलेलाच असतो. त्यामुळे मिटलेल्या अवस्थेत त्याच्या बाहेरच्या स्क्रीनवर आपले किती काम उरकते आणि ती स्क्रीन आपल्या सवयीप्रमाणे किती मांडता येते, यावरच लाखभर रुपयांचा हा व्यवहार ठरायला हवा.

मी ठाण्यात राहतो आणि नोकरीसाठी रोज ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकलने ऐरोलीला जातो. गेली दोन वर्षे माझ्याकडे घडीचा फोन आहे. त्याच्या जागी दुसरा घ्यायचे ठरल्यावर मी तीन फोनांची तुलना केली: सॅमसंग गॅलेक्सी झेड फ्लिप ७, मोटोरोला रेझर ६० अल्ट्रा आणि साधा रेझर ६०. तिन्ही २०२५मध्ये आले. बाजारात आले तेव्हाच्या त्यांच्या किमती अनुक्रमे १,०९,९९९, ९९,९९९ आणि ४९,९९९ रुपये होत्या. फ्लिप ७चा धाकटा भाऊ असलेला एफई बाजारात आला तेव्हा ८९,९९९ रुपयांचा होता; पण त्याला बाहेरची स्क्रीन जुन्या, ३.४ इंचांच्या घडणीची आहे. ज्या गोष्टीसाठी फ्लिप घ्यायचा तीच त्यात कमी असल्याने तो मी या तुलनेतून सुरुवातीलाच वगळला.

बाहेरची स्क्रीन

फ्लिप ७ची बाहेरची स्क्रीन ४.१ इंचांची आहे, रेझर ६० अल्ट्राची ४ इंचांची आणि साध्या रेझर ६०ची सुमारे ३.६ इंचांची. पहिल्या दोघांत आकाराचा फरक हाताला जाणवत नाही. जाणवतो तो मोकळीक देण्यातला फरक.

मोटोरोलात मिटलेल्या फोनवर जवळपास कोणतेही अ‍ॅप थेट उघडता येते. बाहेरच्या स्क्रीनवरच्या यादीत ते अ‍ॅप टाकले आणि एकदा परवानगी दिली की काम झाले. एखादे अ‍ॅप कॅमेऱ्यांच्या भिंगांभोवती पसरल्याने त्यातले बटण झाकले जात असेल, तर ते भिंगांच्या वरच्या मोकळ्या भागापुरते आक्रसून घेण्याचीही सोय आहे. सॅमसंगची रीत निराळी आहे. तेथे बाहेरची स्क्रीन मुळात विजेटांसाठी, म्हणजे एकेका कामाच्या छोट्या चौकोनांसाठी, मांडलेली आहे: हवामान, दिनदर्शिका, टायमर, गाणी, ठरावीक माणसांना एका स्पर्शात लागणारा फोन. सेटिंग्जमधील लॅब्स विभागात जाऊन काही निवडक अ‍ॅपना बाहेर येण्याची मुभा देता येते. त्यापलीकडची अ‍ॅप बाहेर आणायची असतील, तर सॅमसंगचेच गुड लॉक हे अ‍ॅप उतरवून घ्यावे लागते, त्यातला मल्टीस्टार हा भाग बसवावा लागतो आणि मग त्यातून अ‍ॅपांचे एक वेगळे विजेट बनवावे लागते. हे सारे एकदाच करावे लागते आणि जमल्यावर ते उत्तम चालते, हे मान्य. परंतु १,०९,९९९ रुपये मोजल्यानंतर आपल्याच फोनची दारे आपणच किल्ल्या शोधून उघडायची, हे मला काही पटलेले नाही.

सजावटीत मात्र सॅमसंग वरचढ ठरतो. घड्याळाचा आकार, अक्षराची जाडी, मागे लावलेल्या फोटोतल्या माणसाच्या चेहऱ्यावर आकडे येऊ नयेत म्हणून त्यांना बाजूला सरकवणे, एकाच पानावर अनेक विजेटे बसवणे, ही सगळी कामे तेथे अधिक नेटकी होतात. मांडणीत रमणाऱ्या माणसाला फ्लिप ७ पहिल्याच आठवड्यात आपलासा वाटेल. कामापुरता फोन वापरणाऱ्याला हवी ती अ‍ॅप बाहेर उघडण्याची मोकळीक मोटोरोलात पहिल्या दिवशी मिळेल.

प्रत्यक्ष उपयोगाचे चित्र असे दिसते. ठाण्याच्या फलाट ९ किंवा १०वरून सकाळची गाडी पकडल्यावर एक हात वरच्या कडीला असतो आणि दुसऱ्या हातात मिटलेला फोन. व्हॉट्सअ‍ॅपवर घरून विचारणा येते आणि ‘संध्याकाळी उशीर होईल, भाजी मीच आणतो’ एवढे उत्तर द्यायचे असते. देवनागरी कीबोर्ड उघडल्यावर चार इंचांच्या स्क्रीनची निम्म्याहून अधिक जागा त्यातच जाते. तरीही अंगठ्याने हे वाक्य टंकता येते. साध्या रेझर ६०च्या ३.६ इंचांवर मात्र काना-मात्रा चुकू लागतात आणि तिसऱ्या शब्दाला मनुष्य फोन उघडतोच. म्हणून दुकानात गेल्यावर तेथे आधीच लावून ठेवलेली चित्रफीत पाहत बसू नये, तर फोन मिटून, उभ्याने, एका हाताने एक पूर्ण मराठी वाक्य लिहून पाहावे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, कारण ती जाहिरातीत कोणी सांगत नाही. मिटलेल्या फ्लिप फोनचे मुख्य कॅमेरे आणि बाहेरची स्क्रीन एकाच बाजूला असतात. त्यामुळे भाजीवाल्याचा क्यूआर कोड स्कॅन करायचा झाला, तर कॅमेरा कोडकडे वळवताच स्क्रीनही कोडकडेच वळते आणि आपल्याला काही दिसत नाही. फोन उघडावाच लागतो. हा कोणत्या एका कंपनीचा दोष नव्हे, ती या घडणीचीच मर्यादा आहे. गावदेवी मंडईत एका हातात पिशवी असताना दिवसातून चार वेळा फोन उघडण्याचा ज्यांना कंटाळा येईल, त्यांनी घडीच्या फोनच्या वाटेला जाण्याआधी याचा विचार करावा. उलट बाजूने पाहिले, तर याच घडणीमुळे मुख्य कॅमेऱ्यांनी स्वतःचा फोटो काढता येतो आणि तो आतल्या छोट्या कॅमेऱ्याच्या फोटोपेक्षा बहुधा सरस येतो.

पाठ, रंग आणि कव्हर

मनाजोगता फ्लिप म्हटले की अनेकांना सॅमसंगचे बीस्पोक आठवते. ऑक्टोबर २०२१मध्ये फ्लिप ३साठी ही सोय जाहीर झाली, तेव्हा चौकट, पाठीचा वरचा भाग आणि खालचा भाग यांचे रंग वेगवेगळे निवडून ४९ जोड्या करता येत होत्या. फ्लिप ४च्या वेळी हा आकडा ७५वर गेला. पुढच्या पिढ्यांत ही सोय उरली नाही आणि तिच्या जागी फक्त कंपनीच्या संकेतस्थळावर मिळणारे मोजके रंग आले. बाहेरची स्क्रीन वरचा जवळजवळ अख्खा भाग व्यापू लागल्यावर रंगायला उरलेच काय, हेही खरे. आता सजावट काचेच्या आत शिरली आहे. फ्लिप ५ आणि फ्लिप ६साठी सॅमसंगने फ्लिपसूट नावाचे कव्हर विकले. त्यात ठेवलेले कार्ड बदलले की बाहेरच्या स्क्रीनवरचे चित्रही त्या कार्डाला जुळेल असे आपोआप बदलत असे. कल्पना गोड आहे, पण दहा दिवसांनी कार्डे खणात पडून राहतात, असे मी माझ्या भाचीच्या बाबतीत पाहिले.

मोटोरोलाने रंगापेक्षा पोतावर भर दिला. रेझर ६० अल्ट्रा खऱ्या लाकडाच्या पाठीचा मिळतो, अल्कान्टारा या मखमलीसारख्या कापडी पाठीचा मिळतो आणि कृत्रिम चामड्याचाही मिळतो. लाकडाची पाठ हातात घेतली की काचेच्या फोनचा निसरडेपणा किती सवयीचा झाला होता, हे लक्षात येते. अल्कान्टारा मात्र आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमट, घामट दिवसांत, तेही तेलकट वडापाव खाल्लेल्या हातांनी वापरण्यासाठी मी कोणालाही सुचवणार नाही. लाकूड किंवा चामडे घ्यावे आणि पाठीवर कव्हर चढवू नये. चढवायचेच असेल तर त्या पाठीचे पैसे कशाला मोजायचे?

कव्हरांचा विषय निघालाच आहे, तर एवढे लक्षात असू द्यावे की स्टेशनबाहेरच्या टपऱ्यांवर किंवा वाशीच्या सेक्टर १७मध्ये साध्या फोनाची कव्हरे ढिगाने मिळतात, तशी फ्लिपची मिळत नाहीत. फ्लिपचे कव्हर दोन तुकड्यांचे असते आणि बिजागरीच्या मापात जराही चूक असली, तर फोन पूर्ण मिटत नाही.

धूळ, पाऊस आणि बिजागरी

तिन्ही फोनांना धूळ आणि पाण्यापासून बचावाचा आयपी४८ हा दर्जा आहे. यातला ८ पाण्याचा आहे. ठरावीक खोलीच्या गोड्या पाण्यात फोन अर्धा तास तग धरतो, म्हणजे पावसात भिजल्याची चिंता नको. खाडीचे किंवा समुद्राचे खारे पाणी यात मोजलेले नाही. आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे तो ४. एक मिलिमीटरहून मोठा कण आत जाणार नाही, एवढेच तो सांगतो. बारीक धुळीला अटकाव होईल असे आश्वासन त्यात नाही. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या कामामुळे उडणारी धूळ ज्यांनी दुचाकीवरून रोज अनुभवली आहे, त्यांना एक मिलिमीटर म्हणजे केवढा मोठा खडा, हे वेगळे सांगायला नको. दुचाकीच्या हँडलवर फोन अडकवून नकाशा पाहणाऱ्याने घडीचा फोन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बिजागरीची भीती त्या मानाने जास्त बाळगली जाते. २०२१च्या फ्लिप ३च्या वेळीच सॅमसंगने दोन लाख उघडझापींच्या चाचणीचा आकडा दिला होता. दिवसाला शंभर वेळा फोन उघडला तरी साडेपाच वर्षे होतात. माझ्या अनुभवात आधी बिघडते ती बिजागरी नव्हे, तर आतल्या स्क्रीनवर कारखान्यातूनच लावून येणारी पातळ फिल्म. माझ्या सध्याच्या फोनची फिल्म चौदाव्या महिन्यात घडीच्या रेघेवर सुटू लागली. आधी केसाएवढा बुडबुडा दिसला आणि महिनाभरात तो उभ्या नखाएवढा झाला. सेवा केंद्रात फोन दिला, तर ‘फिल्म मागवावी लागेल’ असे सांगून त्यांनी तो नऊ दिवस ठेवून घेतला. ही फिल्म घरी सोलू नये आणि तिच्या जागी साधे स्क्रीन गार्ड तर मुळीच लावू नये. आतली स्क्रीन बदलण्याचा खर्च ऐकला की एखादा साधा नवा फोन आठवतो. म्हणून तिन्हींपैकी कोणताही घेतला, तरी स्क्रीनच्या तुटफुटीचा विमा पहिल्याच दिवशी घ्यावा आणि त्या कंपनीचे सेवा केंद्र आपल्या घराच्या किंवा कचेरीच्या वाटेवर आहे का, ते आधी पाहून घ्यावे.

उरलेले, थोडक्यात

बॅटरी फ्लिप ७मध्ये ४३०० एमएएचची, अल्ट्रामध्ये ४७०० एमएएचची आणि साध्या रेझरमध्ये ४५०० एमएएचची आहे. खरा फरक चार्जिंगच्या वेगात आहे: अल्ट्रा ६८ वॉटने भरतो, साधा रेझर ३० वॉटने आणि फ्लिप ७ अजूनही २५ वॉटवर अडलेला आहे. शिवाय सॅमसंगच्या खोक्यात चार्जर येत नाही. वजनात फ्लिप ७ आणि साधा रेझर १८८ ग्रॅमचे, तर अल्ट्रा १९९ ग्रॅमचा आहे. मिटल्यावर फ्लिप ७ची जाडी १३.७ मिलिमीटर भरते आणि अल्ट्राची १५.७, शर्टाच्या खिशात हे दोन मिलिमीटर जाणवतात. कॅमेऱ्यांच्या बाबतीत तिन्हींत ५० मेगापिक्सेलचा मुख्य कॅमेरा आणि जोडीला रुंद दृश्य टिपणारा दुसरा कॅमेरा आहे. दूरचे जवळ आणणारे वेगळे भिंग कोणातच नाही. त्यामुळे शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून मुलांचे फोटो काढणाऱ्यांचे यात समाधान होणार नाही. आणखी एक छोटी गोष्ट म्हणजे तिन्हींत प्रत्यक्ष सिमकार्ड एकच बसते आणि दुसरे ई-सिम करून घ्यावे लागते.

अद्ययावत राहण्याच्या मुदतीत मात्र तफावत मोठी आहे. सॅमसंगने फ्लिप ७ला सात वर्षे अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या आणि सुरक्षा अद्यतने देण्याचे जाहीर केले आहे, म्हणजे २०३२पर्यंत. मोटोरोला अल्ट्राला तीन नव्या आवृत्त्या आणि चार वर्षे सुरक्षा अद्यतने देते. बँकेचे सारे व्यवहार फोनवर करणाऱ्याने दर वर्षी पडणारा खर्च काढून पाहावा: फ्लिप ७ सात वर्षे वापरला तर वर्षाला सुमारे १५,७०० रुपये पडतात आणि अल्ट्रा चार वर्षे वापरला तर सुमारे २५,०००. अर्थात सात वर्षांत घडीच्या स्क्रीनवर एकदा तरी खर्च होईल, असे धरूनच हा हिशेब मांडावा.

माझ्यापुरता निर्णय मी रेझर ६० अल्ट्राच्या बाजूने घेतला, तोही लाकडी पाठीच्या. माझा फोन दिवसभर मिटलेला असतो, मला बाहेरच्या स्क्रीनवर सगळी अ‍ॅप हवी आहेत आणि चार वर्षांहून जास्त काळ एक फोन माझ्याकडून टिकत नाही. माझ्या पत्नीने मात्र फ्लिप ७ निवडला. ती फोन सहा-सहा वर्षे जपते आणि गुड लॉकची जुळवाजुळव तिने एका रविवारी दुपारी, चहा निवायच्या आत, करूनही टाकली. ज्यांना घडीचा फोन आपल्याला झेपेल की नाही हेच ठाऊक नाही, त्यांनी निम्म्या किमतीचा रेझर ६० घ्यावा आणि त्याच्या छोट्या बाहेरच्या स्क्रीनबद्दल कुरकुर करू नये.

सासूबाईंनीही ‘मलाही तसलाच मिटायचा फोन आण’ असे सांगितले होते. त्यांना हवे होते ते फोन मिटताच संभाषण संपल्याचा तो खटका आणि मोठी बटणे. त्यांच्यासाठी नोकियाचा २६६० फ्लिप आणला. तो २०२२मध्ये ४,६९९ रुपयांना आला होता. त्यात व्हॉट्सअ‍ॅप नाही, पण संकटात दाबायचे वेगळे बटण आहे, आणि त्यावर आमच्या दोघांचे क्रमांक बसवायला मला दहा मिनिटे पुरली.