घरी येऊन रक्त नेणारी लॅब : सेवा उत्तम, शेरा दिशाभूल करणारा

वडिलांवर लिम्फोमाचे (लसिका पेशींच्या कर्करोगाचे) उपचार सुरू असल्याने गेले पाच महिने आम्ही नौपाड्यातील एका पॅथॉलॉजी लॅबची घरी येऊन रक्त नेण्याची सेवा वापरत आहोत. त्यांचा माणूस घोडबंदर रोडवरच्या आमच्या घरी सकाळी सातच्या आत हजर होतो आणि केमोमुळे रुसलेली शीर एकाच टोचण्यात शोधतो. रिपोर्टही संध्याकाळपर्यंत मोबाइलवर येतो.

तक्रार आहे ती रिपोर्टखाली छापलेल्या शेऱ्याबद्दल. पहिल्या लिव्हर फंक्शन टेस्टमध्ये बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी मर्यादेत होते आणि खाली 'यकृत निरोगी' असे लिहिले होते. त्याच आठवड्यातील पेट-सीटीमध्ये (आजार कुठे पसरला ते दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) मात्र यकृतात आजार दिसला, म्हणजे थेट चौथा टप्पा. यकृताचा काही भाग लिम्फोमाने व्यापला तरी उरलेल्या पेशी काम निभावून नेतात, त्यामुळे आकडे मर्यादेत येऊ शकतात, असे डॉक्टरांनी समजावले. उलट याच तपासणीतले अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम वाढले, तरी ते हाडांतूनही आलेले असू शकते, म्हणून सोबत जीजीटी हे यकृताचे दुसरे एन्झाइम पाहतात (ते येथे वेगळे मागावे लागते); आणि दोन्ही वाढली, तरी कारण औषधे, हिपॅटायटिस किंवा पित्तनलिकेवर दाबणारी गाठ यांपैकी काहीही असू शकते. खात्री स्कॅनने, आणि शंका उरल्यास बायोप्सीने होते. फोनवरून आग्रहाने विकले जाणारे अठराशे रुपयांचे 'कॅन्सर प्रोफाइल' तर आमच्या उपयोगाचेच नव्हते, कारण त्यातील एएफपी ही यकृताच्या स्वतःच्या कर्करोगाची खूण आहे, लिम्फोमाची नव्हे.

जुलैमध्ये एलडीएच (पेशींमधले एक एन्झाइम, लिम्फोमा वाढला की तेही वाढू शकते) दुप्पट आले, तेव्हा घरात कोणी धड जेवले नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन पुन्हा रक्त दिले, तर आकडा मर्यादेत! आदल्या दिवशीच्या नमुन्यात तांबड्या पेशी फुटल्या होत्या आणि त्यांच्यातले एलडीएच बाहेर आले होते, हे काउंटरवरच्या बाईंनी अगदी सहज सांगितले. रिपोर्टवर त्याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. पेशी सुईमुळे फुटल्या की स्कूटरवरून खड्ड्यांतून केलेल्या प्रवासामुळे, हे त्यांनाही सांगता आले नाही.

सेवा आम्ही सोडलेली नाही. फक्त एलडीएच तपासायचे असते त्या दिवशी वडिलांना रिक्षाने लॅबमध्येच नेतो, आणि खालचा शेरा न वाचता आकडे तेवढे डॉक्टरांना पाठवतो.